तीन घड्याळं, दोन मनगटं आणि हिंगणीचा धुरा

जीपीएस घड्याळ घ्यायचं मी जाहीर केलं तेव्हा आमच्या घरातून एकच प्रश्न आला. नवऱ्यानं वर्तमानपत्रातून मान वर न काढता विचारलं, "तुले हरवाचं आहे कुठं?"

प्रश्न रास्त होता. घर, कॉलेजचं ग्रंथालय आणि भाजीबाजार या त्रिकोणात मी पंचवीसेक वर्षं फिरते आहे आणि एकदाही उपग्रहाची मदत लागलेली नाही. पण गेल्या दोन वर्षांत पहाटे चालणं सुरू झालं, मग सायकल आली, मग तलावावरच्या बायकांच्या बॅचला पोहणंही सुरू झालं. तिन्ही गोष्टी एकाच मनगटावर मोजणाऱ्या यंत्राला मल्टिस्पोर्ट घड्याळ म्हणतात, हे कळल्यावर मला राहवेना. पन्नाशीत माणसं एकतर अध्यात्माकडे वळतात किंवा हृदयाच्या ठोक्यांकडे. मी ठोके निवडले.

निवड इथेच संपली असती तर बरं झालं असतं. खरी पंचाईत पुढे होती. इंटरनेटवर या घड्याळांची परीक्षणं करणारे जे कोणी आहेत, ते सगळे बर्फात उभे असतात. दाढीवर हिम, मागे पर्वत, आणि म्हणे "उणे वीसमध्ये उत्तम चालतं." आमच्या वर्ध्यात बर्फ फक्त उसाच्या रसात पडतो. सेलू रोडच्या गिट्टीवर हे घड्याळ ठोके नीट मोजतं का, दुपारच्या उन्हात आकडे दिसतात का, यावर कुणी चकार शब्द काढत नाही.

तेव्हा मीच परीक्षा घ्यायची ठरवली. नागपूरच्या भाच्याकडून त्याचं महागडं घड्याळ आणलं. त्याचा डबा पाहूनच मी हात धुतले. आमच्या क्रीडाशिक्षकांचं मधल्या किमतीचं आणलं, बटणांचं, जाडजूड, चार वर्षं मैदानात लोळलेलं. आणि धाकट्या जावेचं सगळ्यात स्वस्त आणलं, जे तिच्या मुलानं वाढदिवसाला दिलं होतं आणि ज्यात ती फक्त वेळ बघत होती. थोरलं, मधलं, धाकटं, अशी मी त्यांची नावं ठेवली.

कुठे जायचं, हे पुष्पाच्या फोननं ठरलं. पुष्पा माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. हिंगणीला, बोर धरणाच्या अलीकडे, तिची तीन एकर शेती आहे. नवरा नोकरीनिमित्त चंद्रपूरला, शेती हीच बघते. दरवर्षी डिसेंबरात तिच्या शेतात रोडगे होतात. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, वर तूप, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. हे जेवण तिचं एकटीचं कधीच नसे. शेजारचे शेतकरी वामनराव आणि त्यांची बायको कमलताई, आणि पुष्पाचं घर, दोन्ही कुटुंबांचे रोडगे एकाच निखाऱ्यात, दोन शेतांमधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, असलेल्या मोहाच्या झाडाखाली. मीही आठ-दहा वर्षं त्या पंगतीला बसले आहे.

मागच्या वर्षी ती पंगत बसली नाही. पुष्पाचं म्हणणं, वामनरावांनी वखरणी करताना धुरा कोरला, दीड हात जमीन आत घेतली. वामनरावांचं म्हणणं, धुरा होता तिथेच आहे. तेव्हापासून बोलणं बंद.

"मग मोजणी बोलाव ना सरकारी," मी फोनवर म्हटलं.

"नाई वो माय. मोजणी आली म्हणजे संपलं सगळं. मग जन्मभर तोंड नाई पाहाचं एकमेकाचं. मी नाई बोलावत. ते बोलावतीन कधी, त्याच धाकात हावो मी." मग म्हणाली, "यंदाबी मी एकटीच करून राह्यली रोडगे. तू येजो. दोघी खाऊ."

शनिवारी पहाटे सहाला निघाले. डाव्या मनगटावर थोरलं आणि मधलं, उजव्यावर धाकटं. नवरा फाटकापर्यंत आला आणि म्हणाला, "पोहोचली की फोन कर. घड्याळातून नको, फोनवरून."

पहिला दिवस: वर्धा, सेवाग्राम, सेलू, हिंगणी

ज्यांना हा रस्ता करायचा आहे त्यांच्यासाठी: वर्ध्यातून थेट सेलू गाठता येतं, पण सेवाग्रामवरून जा. साताठ किलोमीटर जास्त पडतील, सकाळ मात्र सुंदर जाते. डिसेंबरात धुकं असतं, मागे लाल दिवा हवाच. माझ्या अंगात चमकणारं पिवळं जाकीट होतं, डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर काळा चष्मा आणि तोंडाला आपला नेहमीचा स्कार्फ. या अवताराचा पुढे काय परिणाम होणार आहे याची तेव्हा कल्पना नव्हती.

निघतानाच पहिला निकाल लागला. धाकट्याला उपग्रह सापडेना. मी फाटकाबाहेर चार मिनिटं आकाशाकडे हात करून उभी. दूधवाल्यानं नमस्कार केला, त्याला वाटलं सूर्यनमस्कार चालू आहेत. थोरल्यानं मात्र दहा सेकंदांत "तयार" म्हणून कंप दिला. महाग शाळेतल्या मुलासारखं.

सेवाग्रामला आश्रमात दहा मिनिटं बसले. मातीच्या भिंती, सारवलेली जमीन, झाडावर पोपटांचा कलकलाट. मोजण्यासारखं तिथे काही नव्हतं, तरी तिन्ही घड्याळांनी "तुम्ही थांबलात का?" असं आळीपाळीनं विचारलं. पुढे रुग्णालयाच्या बाजूच्या टपरीवर तर्री-पोहे. तीस रुपये प्लेट, तर्री मागाल तितकी. पहिल्या घासाला थोरल्यानं ठोके वाढल्याची सूचना दिली. तर्रीची ती नोंद अचूक होती.

टपरीवाल्याची नजर माझ्या मनगटांवर.

"म्याडम, तिन्हीत टाइम एकच हाय का?"

"हो."

"मग तीन काऊन?"

बाजूच्या बाकावर एक आजोबा होते, कुणाला तरी दवाखान्यात भेटायला आलेले. त्यांनी परस्पर उत्तर दिलं, "एक बंद पडलं त दुसरं पाहाले. पेशंटले नाई का दोन सलाइना लावत?"

सेलूपर्यंत रस्ता बरा आहे, पण मोठ्या गाड्या अंगावर येतात, तेव्हा डावीकडची पट्टी सोडू नका. सेलूला डझनभर केळी घेतली. हिंगणीकडे वळलं की रस्ता अरुंद होतो आणि मजा सुरू होते. दोन्ही बाजूंना कापसानं पांढरी झालेली पऱ्हाटी, वेचणीच्या बायकांच्या गप्पा, मधूनच तुरीचा पिवळा पट्टा. खड्डे आहेत. त्या खड्ड्यांत दुसरा निकाल लागला: हादऱ्यानं धाकट्याचं डोकं फिरलं आणि त्यानं माझे ठोके एकशे ऐंशी दाखवले. मी शांतपणे केळं खात होते. तुम्ही सायकलसाठी घेणार असाल तर एक कायमचं लक्षात ठेवा, मनगटावरची ठोकेमोजणी खडबडीत रस्त्यावर बेभरवशाची. छातीचा पट्टा जोडता येतो का ते आधी विचारा.

हिंगणीला पोहोचले तेव्हा थोरलं म्हणत होतं चाळीस पूर्णांक दोन किलोमीटर, मधलं चाळीस पूर्णांक सहा, आणि धाकटं सदतीस. माझ्या मांड्या म्हणत होत्या साठ.

संध्याकाळी पुष्पाबरोबर बोर धरणावर गेलो. भिंतीवरून पाण्याकडे बघायचं, पलीकडे जंगल, पाण्यात उतरायचं नाही. जंगल सफारी करायची असेल तर आधीच नोंदणी करून या, आणि दर त्या दिवशीचे बघा, मी सांगेन तोवर बदललेले असतील. उतरत्या उन्हात तिन्हींचे पडदे तपासले. थोरल्याचा रंगीत पडदा सावलीत राजबिंडा, उन्हात मात्र आरशासारखा. त्यात मला माझंच तोंड दिसलं. मधल्याचा मळकट पडदा लख्ख वाचता येत होता.

पुष्पा पाण्याकडे बघत म्हणाली, "कमल मागच्या आठवड्यात बाजारात भेटली. दोघीबी वांगे घेऊन राह्यलो होतो. ना ती बोलली, ना मी. भाजीवाला बिचारा दोघींकडे पाहून राह्यला."

दुसरा दिवस: धुरा

आता ज्यासाठी हे लिहायला बसले, ते. जीपीएस किती अचूक आहे हे तपासायचं असेल तर जाणकार सांगतात, उघड्या आभाळाखाली एक बंद फेरा निवडा, त्यावरून तीनदा चाला, आणि नकाशात तिन्ही रेघा एकावर एक पडतात का बघा. उघडं आभाळ, सरळ कडा, चार स्पष्ट कोपरे. पुष्पाच्या शेताचा धुरा! माझ्या बुद्धीचं मला कौतुक वाटलं. पुष्पा घरी कणीक मळत होती, तिला "जरा फेरी मारून येते" म्हटलं आणि निघाले.

सकाळचे आठ. पिवळं जाकीट, काळा चष्मा, तोंडाला स्कार्फ, डोक्यावर टोपी. दोन मनगटांवर तीन यंत्रं. मी धुऱ्यावरून एका चालीत चालतेय, प्रत्येक कोपऱ्यावर थांबतेय, तीन बटणं दाबतेय, आकाशाकडे बघतेय आणि खिशातली डायरी काढून आकडे लिहितेय. मी ग्रंथपाल आहे, सवयीनं नोंदी सुवाच्य करते. एका दगडाजवळ तर मी वाकून खूणसुद्धा केली.

दुसऱ्या फेरीत बांधापलीकडे दोन माणसं उभी दिसली. तिसऱ्या फेरीत सात होती. मला वाटलं, तंदुरुस्तीविषयी गावात जागृती होतेय.

"ओ म्याडम! थांबा तिथंच!"

वामनराव. धोतर खोचलेलं, हातात प्लास्टिकची पन्नी, पन्नीत कागद. मागून कमलताई धापा टाकत.

"नोटीस कुठं हाय?"

"कसली नोटीस?"

"मोजणीची! बाजूवाल्याले नोटीस न देता मोजणी करून राह्यले तुम्ही? आम्हाले का समजत नाई काय? आता सॅटेलाइटवरून मोजते तुमचं खातं, मशिनी लहान झाल्या, मालूम हाय मले. हा पाहा माझा सातबारा, हा नकाशा. लावा हिसाब!"

मी स्कार्फ खाली केला, चष्मा काढला. वामनरावांनी पन्नी खाली केली.

"संध्याताई? तुम्ही? तुम्ही त कॉलेजात होत्या ना? मोजणी खात्यात कधी लागल्या?"

मी तोंड उघडलं, पण ते माझ्याकडे बघत नव्हते. घराच्या वाटेवरून पुष्पा धावत येत होती, कोपरापर्यंत कणकेचे हात. कुणीतरी तिला सांगितलं होतं, वावरात मोजणी सुरू झाली.

आणि मला कळलं, मी काय करून बसले ते. वर्षभर या दोन माणसांनी एकच गोष्ट सांभाळली होती. बोलले नाहीत, भेटले नाहीत, पण मोजणीही बोलावली नाही. तेवढा एक धागा शिल्लक होता. तो मी घड्याळाच्या हौसेपायी, डायरीत सुवाच्य नोंदी करत तोडला होता.

"बोलावलीच ना शेवटी, वहिनी?" वामनराव म्हणाले. ओरडले नाहीत, हे जास्त वाईट. "अन् तेबी आपल्या घरच्या माणसाच्या हातानं."

"म्या बोलावली? म्या?" पुष्पा धुऱ्यावर येऊन उभी राहिली. "तुम्ही नाई बोलावली?"

"म्या काऊन बोलावीन?"

"मग हे कोणं बोलावलं?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी थोरलं घड्याळ कंप पावलं आणि त्यानं पडद्यावर लिहिलं: व्यायाम सुरू केल्याबद्दल अभिनंदन. ठोके एकशे बेचाळीस होते. मी जागची हलले नव्हते.

"ही घड्याळं आहेत," मी दोन्ही हात वर करून म्हटलं. "मला घड्याळ घ्यायचंय. कोणतं चांगलं ते पाहत होते."

वामनराव, अगदी खऱ्या कुतूहलानं: "घड्याळ घ्याले दुसऱ्याच्या वावराले फेरे कोण मारते वो?"

बर्फातल्या त्या एकाही दाढीवाल्यानं हा प्रश्न उपस्थित केलेला नाही.

कमलताईंनी प्रसंग हातात घेतला. "मोजलंच आहे त दाखवा. काय निघालं?"

मी नको म्हणत होते. पण सात माणसं, दोन घरं आणि एक फोन, लपवणार काय? नकाशा उघडला, तिन्ही घड्याळांच्या रेघा एकत्र आणल्या. सगळ्यांची डोकी फोनवर. थोरल्याची रेघ धुऱ्याच्या जवळपास होती, पण तिन्ही फेऱ्यांत थोडी पुष्पाकडे सरकलेली. मधल्याची थोडी वामनरावांकडे. आणि धाकट्यानं चारही कोपरे गोल करून टाकले होते, पुष्पाची तीन-चार ओळी तूर वामनरावांना बहाल केली होती आणि दुसऱ्या फेरीत...

"हे काय हाय गोल?" कमलताईंनी बोट ठेवलं.

"विहीर," पुष्पा म्हणाली.

"म्हणजे संध्याताई विहिरीतून चालत गेल्या?"

"अन् कोरड्याच निंगाल्या," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

पहिल्यांदा कमलताई हसल्या. मग पुष्पा. पुष्पा हसायला लागली की तिला खाली बसावं लागतं, ती धुऱ्यावरच बसली, कणकेचे हात गुडघ्यांवर.

वामनराव हसले नाहीत. ते नकाशाकडे बघत होते. "मग धुरा नेमका कुठं हाय? कोणतं घड्याळ खरं?"

मी त्यांना खरं ते सांगितलं. यातलं सर्वांत महागसुद्धा सात-आठ फूट इकडेतिकडे चुकतं. धावणाऱ्याला त्यानं फरक पडत नाही. दीड हाताचं भांडण यातल्या एकालाही दिसत नाही.

"इतक्या किमतीचं घड्याळ, अन् दीड हात दिसत नाई?"

"नाही दिसत."

"आम्हाले त वर्षभर दुसरं काही दिसलंच नाई," ते म्हणाले, आणि पन्नी मांडीवर घेऊन पुष्पापासून चार हातांवर बसले. "ही पन्नी वर्षभर उशाशी घेऊन झोपून राह्यलो मी. वहिनी आज मोजणी आणते का उद्या आणते."

"अन् मी तुमच्या नोटिशीची वाट पाहून राह्यली. पोस्टमन दिसला की मागच्या दारानं पसार."

वामनरावांनी धुऱ्यावरचं एक ढेकूळ उचलून फोडलं आणि म्हणाले, "एक हात माझा. वखर गेला तिकडं, मानतो. पण उरलेला अर्धा हात रानडुकराचा हाय, त्यानं उकरला."

"बोलवा मग रानडुकराले," पुष्पा म्हणाली. "त्याचीबी सही घेऊ."

कमलताईंनी विचारलं, "पुष्पे, पीठ किती मळलं?"

"दोघींपुरतं."

"दोघींपुरतं!" कमलताईंनी कपाळावर हात मारला आणि उठल्या. "म्या आणतो. वांगेबी आणतो. बाजारात पाहून ठेवलते ना तुह्ये, किडके होते."

बैलाचा लांब दोर आणला. एक टोक मोहाच्या बुंध्याला, दुसरं विहिरीजवळच्या जुन्या दगडाला. दोर ताणून मधे उभं राहायचं काम मला दिलं, कारण म्हणे मला अनुभव होता. वामनरावांनी एकेक दगड उचलून दोराखाली ठेवला, पुष्पानं जागा जराशी सरकवली, त्यांनी परत जराशी सरकवली. रानडुकराचा अर्धा हात शेवटी दोघांनी निम्मा निम्मा वाटून घेतला.

दुपारी मोहाखाली रोडगे झाले. मी पाच खाल्ले. तूप वाढताना कमलताईंचा हात सैल आहे, हे मी विसरले होते. तुपाच्या बोटांनी थोरल्याचा स्पर्शाचा पडदा हलेना, मधल्याची बटणं मात्र बिनतक्रार चालली. खरेदीच्या दृष्टीनं हा मुद्दा मला निर्णायक वाटतो.

परत

पाच रोडग्यांवर चाळीस किलोमीटर सायकल कुणी चालवू नये. सेलूपर्यंत थोरलं माझी कामगिरी "घसरलेली" म्हणून टोचत राहिलं आणि पवनारच्या अलीकडे बॅटरी संपून एकदाचं गप्प झालं. धाकटं तर सकाळीच गेलं होतं. मधलं घरापर्यंत आलं, अर्धी बॅटरी शिल्लक ठेवून, एकदाही उपदेश न करता. दुसऱ्या दिवशी मी तेच मागवलं. दिसायला ओबडधोबड आहे. उन्हात वाचता येतं, हात खरकटा असला तरी चालतं, आणि मला कुठे काय करायचं ते शिकवत नाही. तुम्हीही मल्टिस्पोर्ट घड्याळ घेणार असाल तर बॅटरी, बटणं आणि उन्हातला पडदा एवढं बघा. अचूकतेचा आकडा सगळेच मोठा सांगतात. तो तपासायला जाल तर गावात आधी कळवून जा.

माझ्यापुरतं म्हणाल तर त्या नकाशातल्या रेघा मी पुसलेल्या नाहीत. विहिरीतून गेलेलीसुद्धा ठेवली आहे. बरी दिसते.

बुधवारी पुष्पाचा फोन आला. मागे बरेच आवाज.

"संध्या, वामनभाऊ विचारून राह्यले, ते तिसरं घड्याळ, स्वस्तवालं, कोण्या दुकानात भेटते?"

"ते कशाला? सगळ्यात भंगार आहे ते."

पुष्पानं ते तसंच सांगितलं असावं, कारण फोनवर वामनरावच आले. "भंगार कसं वो? त्याच्यातच त माझं वावर मोठं निंगते!"

पलीकडे पुष्पा आणि कमलताई एकदम ओरडल्या. काय ते कळलं नाही, पण दोघी एकाच बाजूनं बोलत होत्या.

मी दुकानाचा पत्ता पाठवून दिला.